निकाल आधी, तपास नंतर : कुमार रहस्यकादंबरीतील लहान गाव

१

रहस्यकथेचा आरंभ अज्ञानापासून होतो, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. गुन्हा घडलेला असतो, गुन्हेगार कोण हे कोणालाच ठाऊक नसते, आणि कथानक या अज्ञानाकडून ज्ञानाकडे टप्प्याटप्प्याने सरकत जाते. हॉली जॅक्सन या इंग्रज लेखिकेची ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’ (२०१९) ही कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली पहिली कादंबरी या गृहीतकाला छेद देते. बकिंगहॅमशायर परगण्यातील लिटल किल्टन या काल्पनिक गावात पाच वर्षांपूर्वी अँडी बेल ही शाळकरी मुलगी नाहीशी झाली. तिचा प्रियकर सल सिंग याच्या फोनवरून त्याच्या वडिलांना कबुलीचा संदेश गेला आणि सलचे प्रेत जवळच्या रानात सापडले. अँडीचे प्रेत मिळाले नाही. न्यायालयात खटला उभा राहण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण आरोपीच हयात नव्हता. तरीही गावाच्या लेखी निकाल लागला आहे. सलने अँडीला मारले आणि अपराधाच्या ओझ्याखाली स्वतःलाही संपवले, हे लिटल किल्टनमधील प्रत्येकाला ‘माहीत’ आहे.

या कादंबरीतील रहस्य अशा रीतीने एका उत्तरापासून सुरू होते. गावाजवळ उत्तर आहे आणि म्हणूनच गाव प्रश्न विचारीत नाही. शोध घ्यायचा तो अज्ञाताचा नव्हे, तर सर्वज्ञाताचा. लहान गावात घडणाऱ्या कुमार रहस्यकादंबरीचे खरे सामर्थ्य आणि तिचा वाङ्मयीन दर्जा या एका बिंदूवर ठरतो. लहान गाव ही अशा कादंबरीची पार्श्वभूमी नसते. ते तिच्यातील पंचमंडळ असते, आणि तपासाचे पहिले काम म्हणजे या पंचांचा निकाल पुन्हा उघडणे. या दृष्टीने पाहिल्यास ‘हा प्रकार केवळ रंजनाचा’ हा मराठी समीक्षेतील रूढ शेरा अपुरा ठरतो.

२

कादंबरीची नायिका पिप फिट्झ-अमोबी सतरा वर्षांची आहे. ब्रिटनमधील शाळांत शेवटच्या टप्प्यावर विद्यार्थ्याला ‘एक्स्टेंडेड प्रोजेक्ट क्वालिफिकेशन’ या नावाचा एक स्वतंत्र शोधप्रकल्प करता येतो. पिप या प्रकल्पासाठी अँडी बेल प्रकरण निवडते. विषय मांडताना ती प्रसारमाध्यमांचा पोलीस तपासावरील प्रभाव असे सोज्ज्वळ रूप त्याला देते. शाळेकडून मान्यता मिळते ती एका अटीवर : दोन्ही कुटुंबांशी संपर्क साधायचा नाही. कादंबरीच्या प्रारंभी वाचकासमोर येतो तो हा अर्ज, आणि पहिल्याच प्रकरणात पिप सलचा धाकटा भाऊ रवी याचे दार ठोठावते.

हा तपशील तंत्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. कादंबरीचे निवेदन दोन पातळ्यांवर चालते. एका पातळीवर तृतीयपुरुषी कथन आहे, तर दुसऱ्या पातळीवर पिपची कार्यनोंद, मुलाखतींच्या संहिता, नकाशे, संदेश आणि सतत बदलत जाणारी संशयितांची यादी आहे. कागदपत्रांतून रहस्य उलगडण्याची रीत रहस्यवाङ्मयाला नवी नाही. विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) मध्ये निरनिराळ्या साक्षीदारांच्या लेखी निवेदनांतूनच कथानक उभे राहते. पण कॉलिन्सच्या कादंबरीत ही निवेदने घटना संपून गेल्यावर, विचारपूर्वक लिहिलेली आहेत. पिपच्या नोंदी तपास चालू असतानाच्या आहेत. त्यांत अंदाज चुकतात, नावे खोडली जातात, ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याचे विधान दुसऱ्याच्या विधानाशी जुळत नाही. वाचकाला निष्कर्ष मिळण्याआधी पद्धत दिसते. संशोधनाचे प्राथमिक शिक्षण देणाऱ्या कोणत्याही अभ्यासक्रमात जे शिकवावे लागते, म्हणजे गृहीतक आणि पुरावा यांतील फरक, दुय्यम साधनांची पारख, माहिती देणाऱ्याचा हितसंबंध ओळखणे, ते सारे येथे कथानकाच्या ओघात येते.

अधिक मोलाची गोष्ट अशी की, पिपचा शोध तटस्थ नाही हे कादंबरी लपवीत नाही. पिपने लहानपणी सलला ओळखले होते, आणि तो तिच्याशी चांगुलपणाने वागला होता. तो खुनी असू शकत नाही, ही तिची भावना पुराव्याच्या आधीची आहे. म्हणजे गावाचा निकाल जसा पूर्वग्रहावर उभा आहे, तशीच पिपची शंकाही एका पूर्वग्रहावरच उभी आहे. मग दोहोंत फरक कोणता? पिप आपला पूर्वग्रह तपासणीला ठेवते. गाव ठेवीत नाही. संशोधकाने मनाची पाटी कोरी करून यावे, हा आदर्श कितीही उच्चारला गेला तरी व्यवहारात शोधाचा प्रारंभ बहुधा आस्थेतून किंवा अस्वस्थतेतून होतो. आस्था असणे हा दोष नव्हे. तिला प्रतिकूल पुराव्यासमोर उभे न करणे हा दोष होय. ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाला एका उत्कंठावर्धक कादंबरीतून पटत असेल, तर तिच्या ‘रंजना’विषयी नाक मुरडण्याचे कारण उरत नाही.

नायिकेचे वयही येथे केवळ वाचकवर्ग डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेले नाही. रचनेची ती गरज आहे. अँडी नाहीशी झाली तेव्हा पिप लहान होती. गावाने निकाल दिला तेव्हा तिच्या मताला किंमत नव्हती, आणि म्हणूनच त्या निकालात तिचा वाटा नाही. ज्यांनी निकाल दिला त्यांना तो पुन्हा उघडता येत नाही, कारण तो चुकीचा ठरला तर त्यांनी पाच वर्षे एका निरपराध कुटुंबाला दिलेल्या वागणुकीचा हिशेब त्यांना द्यावा लागेल. निकालाच्या वेळी जे सज्ञान नव्हते, तेच त्याकडे नव्याने पाहू शकतात. कुमार रहस्यकादंबरीतील तपास मुलांनीच का करावा, या प्रश्नाला यापेक्षा समर्पक उत्तर क्वचितच मिळेल.

३

डब्ल्यू. एच. ऑडन यांनी ‘द गिल्टी व्हिकरेज’ (१९४८) या निबंधात अभिजात इंग्रजी रहस्यकथेची एक मार्मिक मीमांसा केली आहे. त्यांच्या मते अशा कथेतील समाज मुळात निष्पाप असतो. खुनाने त्याची निष्पापता भंगते, संशयाचे सावट सर्वांवर पडते आणि खरा अपराधी उघड झाला की समाज पुन्हा पूर्वीच्या शुद्ध अवस्थेला पोहोचतो. अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलचे सेंट मेरी मीड हे खेडे, जे ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ (१९३०) या कादंबरीत वाचकांसमोर आले, या मीमांसेला पुष्कळ अंशी उतरते. अपराधी गेला की चहाची वेळ होते आणि बागेतील गुलाबांकडे लक्ष देता येते.

लिटल किल्टन हे बाह्यतः त्याच कुळातले गाव आहे. चर्च, शाळा, ओळखीची दुकाने, एकमेकांच्या घरी जाणे-येणे, सारे काही तेच. पण ऑडन यांचे सूत्र येथे उलटे होते. समाज निष्पाप नसतो. एका निरपराध मुलाला अपराधी ठरवून त्याने स्वतःची निष्पापता विकत घेतलेली असते. सल हा भारतीय वंशाच्या कुटुंबातला मुलगा आहे. त्याला खुनी मानणे गावाला सोपे गेले, त्यात त्याच्या वर्णाचा आणि आडनावाचा वाटा होता, हे कादंबरी पात्रांच्या तोंडून आणि स्थानिक वृत्तपत्राच्या भाषेतून सूचित करते. सिंग कुटुंब गाव सोडून जात नाही. त्याच गावात, लोकांच्या नजरा झेलीत राहते. रवीला दुकानात शिरताना जे सोसावे लागते ते कोणत्याही कायद्यात शिक्षा म्हणून नमूद नाही. पण ती शिक्षाच आहे आणि ती गावाने दिलेली आहे.

तपासाअंती जे हाती येते त्यात एकच खुनी नाही. अँडीचा इतिहासाचा शिक्षक एलियट वॉर्ड याचे तिच्याशी अनुचित संबंध होते. दोघांच्या झटापटीत तिच्या डोक्याला मार बसला. ती तशीच घरी गेली. तिथे धाकटी बहीण बेका हिच्याशी तिचे भांडण झाले. बेकावर एका पार्टीत अत्याचार झाला होता, आणि त्यासाठी वापरले गेलेले गुंगीचे औषध अँडीने विकलेले होते. अँडी कोसळली तेव्हा बेकाने तिला वाचवले नाही आणि पुढे प्रेत लपवले. अँडीच्या नाहीसे होण्याचा आळ आपल्यावर येऊ नये म्हणून वॉर्डने सलचा खून करून त्याला आत्महत्येचे रूप दिले. सलच्या मित्रांनी तो त्या रात्री आपल्यासोबत होता असे आधी सांगितले होते. त्यांच्या एका जुन्या, दडवलेल्या मोटार अपघाताची माहिती कोणाला तरी आहे, अशी धमकी आल्यावर त्यांनी ती साक्ष फिरवली.

या उलगड्याची गुंतागुंत काहीशी अतिरिक्त आहे हे खरे. परंतु तिच्या मुळाशी असलेली कल्पना दुर्लक्षिण्याजोगी नाही. प्रत्येकाकडे सत्याचा एक तुकडा होता आणि प्रत्येकाने आपापल्या भीतीपोटी तो दडवला. शिक्षकाने प्रतिष्ठेसाठी, बहिणीने आईवडिलांच्या धाकापोटी आणि स्वतःच्या जखमेपोटी, मित्रांनी तुरुंगाच्या भीतीने. या साऱ्या मौनांची बेरीज म्हणजे सलचा अपराध. ‘खून कोणी केला’ हा प्रश्न हळूहळू मागे पडतो आणि ‘हे घडू कोणी दिले’ हा प्रश्न पुढे येतो. प्रकल्पाच्या जाहीर सादरीकरणात पिप आपल्या गावासमोर उभी राहून अनेकांच्या वाट्याचा दोष मोजून दाखवते, ते याच कारणाने. रहस्यकथेच्या रूढीला एक अपराधी पुरतो. या कादंबरीला तो पुरत नाही.

४

शोधाची किंमत शोधकर्तीने मोजावी, हा या कादंबरीचा दुसरा विशेष. एलियट वॉर्ड हा पिपच्या जिवलग मैत्रिणीचा पिता आहे. त्या घरात पिप लहानाची मोठी झाली. सत्य बाहेर काढणे म्हणजे मैत्रिणीचे घर मोडणे, हे तिला शेवटच्या टप्प्यावर कळते, आणि तरीही तिला थांबता येत नाही. मोठ्या शहरातील गुप्तहेर अपराध्याला पोलिसांच्या स्वाधीन करून आपल्या कचेरीत परततो. लहान गावातील मुलीला परतायला वेगळी जागा नसते. ज्यांच्याविषयी सत्य सांगितले, त्यांच्याच शेजारी तिला राहायचे असते. लहान गावामुळे रहस्यकथेला नैतिक वजन येते ते या सक्तीच्या सहवासातून. कुमारवयातून प्रौढत्वाकडे जाणे म्हणजे मोठ्या माणसांच्या शब्दाची हमी संपणे, असा जो अर्थ कादंबरीतून निघतो तो उपदेशातून आलेला नाही. तो या नात्यांच्या रचनेतच सामावलेला आहे.

कादंबरीचे दोष सांगितल्याखेरीज तिचे मूल्यमापन पुरे होणार नाही. पिप संशयितांना धमकावते, परवानगीवाचून अँडीच्या घरात शिरते, आणि सत्यासाठी हे सारे क्षम्य आहे असे कथानक पुष्कळदा गृहीत धरते. शाळेने घातलेली अट तिने मोडली नसती तर सल निर्दोष ठरला नसता, हे मान्य. पण वॉर्डनेही आपल्या कृत्याचे समर्थन ‘हेतू’नेच केले होते, या साम्याकडे पहिला भाग पुरेसा वळत नाही. ‘गुड गर्ल, बॅड ब्लड’ (२०२०) आणि ‘ॲज गुड ॲज डेड’ (२०२१) या पुढील दोन भागांत लेखिकेने ते ऋण फेडण्याचा प्रयत्न केला आहे. विशेषतः तिसऱ्या भागात ‘चांगली मुलगी’ या बिरुदाचा जो शेवट होतो, तो कुमारसाहित्याच्या रूढ चौकटीत सहज न बसणारा आहे. दुसरा दोष अँडीच्या चित्रणाचा. जिवंत असताना इतरांनी वापरलेली ही मुलगी जसजसा तपास पुढे जातो तसतशी दुष्टतेच्या पुराव्यांखाली गाडली जाते. तिची बाजू मांडायला कोणी उरत नाही. निकाल पुन्हा उघडणाऱ्या कादंबरीने एका मृत मुलीविषयी काहीसा घाईचा निकाल द्यावा, ही तिच्यातील विसंगतीच म्हणावी लागेल.

५

या कादंबरीच्या अमेरिकी आवृत्तीत लिटल किल्टनच्या जागी कनेक्टिकट राज्यातील फेअरव्ह्यू हे गाव आले. शाळेच्या प्रकल्पाचे नाव बदलले, कथानक मात्र तेच राहिले. बीबीसीने २०२४ मध्ये तिचे मालिकारूप प्रसारित केले, त्यात लिटल किल्टन पुन्हा इंग्लंडमध्ये आले. एका देशातून दुसऱ्या देशात इतक्या सहजतेने हलवता येणारे गाव म्हणजे ठसठशीत भूगोल नसलेले गाव, असा आक्षेप घेता येईल आणि तो काही अंशी रास्त आहे. परंतु त्यातूनच हेही दिसते की, लहान गाव हे या प्रकारात स्थळापेक्षा एक संबंधरचना म्हणून वावरते. जिथे सर्वांना सर्व ठाऊक असते आणि कोणीच काही बोलत नाही, असे कोणतेही गाव त्याला चालते.

मग असे गाव मराठी कुमार रहस्यवाङ्मयात का आढळत नाही, हा प्रश्न उपस्थित होतो. मराठीत रहस्यकथेची परंपरा तोकडी नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या सहस्राधिक पुस्तिकांनी कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. कुमारांसाठी भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेच्या रूपाने जो नायक दिला त्याची लोकप्रियता इतकी टिकाऊ ठरली की, २०१७ मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला. हा बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा. पण त्याची सायकल फुरसुंगीत रमत नाही. तो पुण्याच्या विद्याभवनात शिकतो. कधी प्रतापगडावर, कधी काश्मिरात पोहोचतो. त्याच्या साहसांतील दुष्ट माणसे बहुधा बाहेरची असतात. ती पकडली गेली की घर, शाळा, मामा-मावशी सारे पूर्ववत सुरक्षित असते. भागवतांच्या प्रसन्न शैलीचे आणि त्यांच्या काळातील बालवाचकाविषयीच्या कल्पनांचे हे स्वाभाविक फलित आहे. त्याला उणेपणा म्हणणे अन्याय्य ठरेल. उणीव आहे ती ही की, त्यांच्यानंतर या नायकाला कोणी परत फुरसुंगीला आणले नाही. आपल्याच आळीत, आपल्याच माणसांविषयी त्याला प्रश्न विचारायला कोणी लावले नाही.

सामूहिक निकालाचा विषय मराठीला परका आहे, असेही म्हणता येत नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात खेळ म्हणून सुरू झालेला अभिरूप खटला पाहता पाहता एका स्त्रीवरील शिक्षेत परिणत होतो, आणि निकाल आधीच ठरलेला होता हे प्रेक्षकाला उमगते. जे प्रौढ रंगभूमीने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी पेलले, ते कुमारवाचकाला झेपणार नाही असे मानण्यास आधार नाही. कुमारवाचक ते रोज पाहतो. तालुक्याच्या गावी कोणत्या घराशी कोणी बोलायचे नाही, विहिरीत सापडलेल्या मुलीविषयी कोणता शब्द वापरायचा, कोणाचा मुलगा ‘तसा नाही’ आणि कोणाचा मुलगा ‘तसाच’ असणार, हे शाळेतल्या मुलांना पाठ्यपुस्तकाआधी पाठ झालेले असते. जात, भावकी, गावातील प्रतिष्ठितांचा वचक, पंचनाम्यापूर्वीच पसरलेली वदंता ही सामग्री इतकी जवळ असताना मराठी कुमार रहस्यकादंबरी खजिना, भुयार आणि तस्कर यांच्या शोधात गावाबाहेर जात राहिली.

अर्थात लिटल किल्टनचे यांत्रिक रूपांतर उपयोगाचे नाही. पिप हातात ध्वनिमुद्रक घेऊन अनोळखी माणसांना प्रश्न विचारते, रात्री एकटी फिरते, आणि कथानक त्याला फारशी अडचण मानीत नाही. तालुक्याच्या गावातील सतरा वर्षांच्या मुलीला पहिला प्रश्न विचारण्यापूर्वीच ‘तुला काय करायचे आहे?’ या प्रतिप्रश्नाला तोंड द्यावे लागेल, आणि दुसऱ्या दिवशी तो प्रश्न तिच्या घरी पोहोचलेला असेल. तिथे तपासाला येणारा अडथळा हा कथानकातील व्यत्यय राहणार नाही. तोच कथानकाचा गाभा होईल. कोणी प्रश्न विचारावा आणि कोणी विचारू नये, हे जिथे जन्माने आणि लिंगाने ठरते, तिथे एका मुलीने वही उघडून दोन विधानांतील विसंगती लिहून ठेवणे हीच मोठी घटना असते. मराठीत असे लेखन झाले तर ते इंग्रजी नमुन्याचे अनुकरण राहणार नाही. तो नमुना जिथे कच्चा आहे, तिथेच ते त्याच्या पुढे जाईल.

समीक्षेची जबाबदारी येथे सुरू होते. एखादा वाङ्मयप्रकार केवळ लेखकांच्या उदासीनतेने मागे राहत नाही. त्याच्याकडून कशाची अपेक्षा करावी हे सांगणारे कोणी नसले तरीही तो मागे राहतो. कुमारसाहित्याचा विचार आपल्याकडे संस्कार आणि रंजन या दोन शब्दांच्या पलीकडे फारसा गेलेला नाही, आणि रहस्यकथेच्या वाट्याला तर त्यांतला पहिला शब्दही येत नाही. या दोहोंच्या मध्ये तिसरा निकष उभा करता येतो तो साक्षीचा : ही कादंबरी आपल्या वाचकाला पाहिलेले सांगण्याचे आणि ऐकलेले तपासण्याचे बळ देते काय? जॅक्सन यांची कादंबरी या निकषावर, तिच्या दोषांसह, उतरते. मराठी रहस्यकथेचा आणि कुमारकादंबरीचा जो मोठा साठा ग्रंथालयांत अभ्यासकांवाचून पडून आहे, तो या निकषावर वाचून पाहणे हे पदव्युत्तर स्तरावरील संशोधनाला सहज शक्य आहे. ‘रंजनपर’ हा त्याविषयीचा निकालही पुराव्याआधीच लागलेला आहे, आणि तो पुन्हा उघडण्याचे काम मराठीच्या अभ्यासकांचे आहे.